नव्या मशीनच्या खणातली जुनी फाईल

बायकोला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि मी आठ दिवस नेलं नाही. त्या आठ दिवसांत मी काय करत होतो ते लिहायचं आहे. गावातल्या लोकांना वाटतं, मी पैशाची सोय लावत फिरत होतो. तसलं काही नव्हतं. मी एका थंड खोलीत अनवाणी उभा होतो. एक शिकलेली पोरगी कॉम्प्युटरशी झगडत होती ते बघत होतो, आणि ती कशाशी झगडते आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मला होतं.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून दीड कोसावर. फाट्यावर हात केला की जालन्यावरून औरंगाबादला जाणारी एसटी थांबते. म्हणजे लांब होतं अशी सबब मला नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे ते दिवस होते, स्टँडच्या भिंतीवर एकानं लिहायचं अन् दुसऱ्यानं त्यावर डांबर फासायचं असं चाललेलं. अधूनमधून बंद असायचा, गाड्या डेपोतच थांबायच्या. पण त्या आठ दिवसांत गाड्या चालू होत्या. हेही लिहून ठेवतो.

मी चौथी शिकलेलो. कालव्याच्या ऑफिसात रोजंदारीवर चौकीदार म्हणून लागलो आणि बारा-तेरा वर्षं रोजंदारीवरच राहिलो. कायम करायचा कागद वर गेला आहे, आज येईल उद्या येईल, असं दर वर्षी साहेब सांगायचे. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला. कुठल्या चारीला कधी पाणी सोडायचं, किती तास, कुणाची पाळी कुणाच्या मागं, हे सगळं मशीन लावून देणार म्हणाले. त्याला वेगळी खोली केली, खिडक्या बंद केल्या, थंड हवेचं यंत्र बसवलं. त्या खोलीची किल्ली माझ्याकडं दिली. साहेब म्हणाले, "तू चपला काढून आत जातोस, बाकीचे जात न्हाईत. तूच सांभाळ."

असा मी कॉम्प्युटरचा शिपाई झालो.

प्रोग्राम लिहायला पुण्याकडची एक पोरगी आली होती. पंचवीस-सव्वीसची असेल. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मी बाई म्हणायचो, ती मला मामा म्हणायची. इंग्रजी मला येत नव्हतं, अजून येत नाही. पण अक्षरं चित्रासारखी ध्यानात राहतात. बाई पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची, मी एकेक बोटानं तसंच दाबायचो. रोज संध्याकाळी एका खणातला माल दुसऱ्या खणात नक्कल करून ठेवायचं काम माझंच होतं. खण म्हणजे मशीनच्या पोटातले कप्पे. ती त्याला काही वेगळं म्हणायची, मी खण म्हणायचो, मग तीही खण म्हणायला लागली.

मशीनी दोन होत्या. एक जुनी, कपाटाएवढी. एक नवी, टेबलावर मावणारी, त्या उन्हाळ्यात आलेली. दोघींची घडण वेगळी. बाईनं लिहिलेला प्रोग्राम एकच होता, पण तो दोन्ही मशीनींवर वेगवेगळा घडवून घ्यावा लागायचा. आणि त्यात कंपनीकडून आलेला काही तयार माल जोडावा लागायचा. त्या मालाला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांची नव्हे. पाण्याच्या हिशेबाची गणितं आधीच करून बांधून ठेवलेली गठडी म्हणा. जुन्या मशीनची गठडी नव्या मशीनला चालत नाही. नांगराचा फाळ तिफणीला बसत नाही, तसंच.

पण दोन्ही गठड्यांचं नाव एकच होतं. मी बाईला विचारलं, नाव वेगळं का नाही ठेवलं? घोटाळा व्हायचा.

ती म्हणाली, "मामा, प्रोग्राम एकच आहे ना? तो एकाच नावानं हाक मारणार. म्हणून नाव तेच ठेवायचं आणि खण वेगळे करायचे. जुन्या मशीनवर असलो तर जुना खण उघड, नव्यावर असलो तर नवा उघड, असं एका फाईलीत लिहून ठेवलंय."

"अन् चुकीचा खण उघडला तर?"

"पोस्टमन असतो बघा. त्याला आपण गल्ल्यांची यादी दिली. पहिल्या गल्लीत त्या नावाचा माणूस भेटला की तो पत्र देऊन मोकळा. तोच माणूस का दुसराच, हे तो विचारत नाही. यादी बरोबर देणं आपलं काम."

हे मला पक्कं समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

बायकोचं दुखणं पावसाळ्याच्या शेवटी कळलं. म्हणजे मला तेव्हा कळलं. तिच्या अंगावरून जात होतं. पाळी जाऊन पाच वर्षं झाली होती तरी जात होतं. तिनं आधी सांगितलं नाही. लुगडी धुवायला ओढ्यावर एकटी जायला लागली तवा मला शंका आली. सेलूच्या डॉक्टरणीकडं नेलं. तिनं तपासलं, हात धुतले आणि मला बाहेर बोलावून चिठ्ठी दिली. म्हणाली, "औरंगाबादला न्या. आज न्यायला पायजे."

बायको म्हणाली, "दसरा चार दिसांवर आलाय. दसरा करून जाऊ. घरात घट बसलेत, ते उठल्याबिगर कसं जायाचं?"

मी मान डोलावली. तो पहिला उशीर, आणि तो दोघांचा होता. पुढचा माझ्या एकट्याचा.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा असते. ऑफिसातही व्हायची. कालव्याच्या गेटच्या चक्क्या फिरवायच्या किल्ल्या, पाने, टेप, साहेबांची जीप. त्या वर्षी साहेब म्हणाले, कॉम्प्युटरची पण करा. बाई दसऱ्याला घरी निघून गेली होती. जाताना तिनं मला एक फ्लॉपी दिली. तेव्हाची फ्लॉपी मोठी असायची, तळहाताएवढी, चपटी, काळी, कागदाच्या पाकिटात. बाई म्हणाली, "मामा, नव्या मशीनची लायब्ररी आली आहे कंपनीकडून. मला आता गाडी धरायची आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ही मशीनमध्ये घाला आणि पुठ्ठ्यावर लिहिलंय ते दाबा. माल नव्या खणात जाऊन बसेल. मी तिसऱ्या दिवशी येते."

पूजेला मी बायकोला बोलावलं होतं. साहेबांच्या घरचं कुणी नव्हतं, ताट धरायला बाईमाणूस पाहिजे होतं, आणि मला वाटलं, तिचंही मन रमेल. ती हिरवं लुगडं नेसून आली. मशीन बघून म्हणाली, "एवढंसंच व्हय? मला वाटलं गिरणीएवढं आसंल."

मी टेबलावर पाट मांडला, त्यावर कळफलक ठेवला, गेटच्या किल्ल्या ठेवल्या, आणि ती फ्लॉपी ठेवली. पाकिटातून काढून ठेवली. पाकिटावरूनच कुंकू लावायचं तर ते देवाला अंगरख्यावरून लावल्यासारखं झालं असतं. फ्लॉपीच्या एका कडेला लांबट खिडकी असते, त्यातून आतली चकती चकाकते. मी बायकोला म्हणालो, "हितं लाव. हेच त्याचं तोंड दिसतंय."

तिनं ओली हळद लावली, त्यावर कुंकू लावलं, वर अक्षता टेकवल्या. हात जोडले. नारळ फोडला. शिपायांनी पेढे खाल्ले. सगळं झाल्यावर मी धोतराच्या सोग्यानं फ्लॉपी पुसली अन् पाकिटात घातली. पुसली म्हणजे हळद आत सारली. तेव्हा मला ते कळलं नाही. हे मात्र खरं आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेलेली लाईट दुपारी आली. मी फ्लॉपी घातली, पुठ्ठ्यावरचं दाबलं. मशीन खरवडल्यासारखं वाजलं. पडद्यावर एक ओळ आली अन् थांबलं. पुन्हा घातली. पुन्हा तेच. फ्लॉपी काढून उजेडात धरली तर आतल्या चकतीवर पिवळी रेघ गोल फिरलेली. मला घाम फुटला. थंड खोलीत माणसाला घाम फुटतो हे मला त्या दिवशी कळलं.

नवा खण उघडून बघितला. रिकामा.

कायम करायचा कागद वर गेलेला. सरकारी माल पूजेत हळद लावून नासवला, असा रिपोर्ट गेला असता तर रोजंदारीही राहिली नसती. मी बसून विचार केला. जुन्या खणात त्याच नावाची फाईल होती. बाईनं नव्या मशीनवर जुन्या मशीनच्या मालाचीही एक प्रत ठेवली होती, सांभाळायला म्हणून. नाव तेच. मी ती फाईल जुन्या खणातून नव्या खणात नक्कल केली. रोज संध्याकाळी करायचो तसंच.

फाळ तिफणीला बसत नाही हे मला ठाऊक होतं. तरी मनाला म्हणालो, नाव तर तेच आहे, चाललं तर चाललं. खरं म्हणजे रिकामा खण मला बघवत नव्हता. बाई येईल, खण उघडेल, आत काहीतरी दिसलं पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं.

बाई आली. खण उघडून बघितला. "वा मामा," म्हणाली, "बसवलं तुम्ही." आणि प्रोग्राम घडवायला लावला. मशीननं नकार दिला.

साहेबांनी सांगितलं, रब्बीची पहिली पाळी सोडायच्या आत नवं मशीन चालू झालं पाहिजे, वरचे साहेब बघायला येणार आहेत. तोवर कुणाला रजा नाही. मी त्याच सकाळी रजा मागायला गेलो होतो. साहेबांनी विचारलं, "कशासाठी?"

मी म्हणालो, "घरचं काम हाय."

बायकोला काय झालंय ते त्या खोलीत चार माणसांसमोर सांगायला माझी जीभ वळली नाही. साहेब म्हणाले, "घरचं काम होत राहील. ही खोली तुझ्याशिवाय कुणाला उघडता येत न्हाई. मशीन चालू झालं की जा, आठ दिवस जा."

म्हणजे मशीन चालू झालं की मी सुटणार होतो. आणि मशीन का चालत नाही ते एका मलाच ठाऊक होतं. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं.

बाई दिवसभर त्या यादीच्या मागं लागली. लाईट दिवसातून चार-पाच तास असायची, तेवढ्यात जे होईल ते. मी स्टुलावर बसून असायचो. ती स्वतःशी बोलायची आणि मधूनच माझ्याशी.

"मामा, मशीन म्हणतंय, फाईल सापडली पण ती माझ्या घडणीची नाही. म्हणजे ते जुना खण उघडतंय. यादी चुकलीय कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी तिनं यादीत नवा खण सगळ्यात वर आणला. तेच उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी जुना खण यादीतून काढूनच टाकला. तरी तेच. चौथ्या दिवशी म्हणाली, "कुठंतरी आणखी एक यादी आहे लपलेली, जी मी लिहिलेली नाही." मग मशीनच्या पोटातल्या सगळ्या फाईली उघडत बसली. पोरीचं डोकं दुखायचं, अमृतांजन लावायची. मी चहा आणून द्यायचो.

त्याच दिवशी म्हणाली, "फ्लॉपी द्या बरं, पुन्हा एकदा माल टाकून बघू."

मी दिली. दुसरं काय करणार? मशीन खरवडलं. तिनं फ्लॉपी काढली, पाकीट उलटंसुलटं केलं.

"हे पिवळं काय आहे?"

"हळद आसंल. पूजेत ठिवली व्हती."

ती हसली. लय दिवसांनी हसली. "म्हणजे देवाचा आशीर्वाद आहे, तरी चालत नाही." मग म्हणाली, "फ्लॉपी गेली. जाऊ दे, माल आत आलाय ना आधीच, मग बिघडत नाही."

मी म्हणालो, "व्हय."

त्या एका शब्दाचं आजही मला वाईट वाटतं. तिनं दार उघडून धरलं होतं. मी ते लावून घेतलं.

रोज संध्याकाळी सायकलीवर गावी यायचो. बायको दारात बसलेली असायची. तिनं गाठोडं बांधून ठेवलं होतं, दोन लुगडी, एक वाकळ, शेंगदाण्याची चटणी. मला बघितलं की विचारायची, "मिळाली का रजा?"

"उद्या."

"आवं, त्या मशीनीला सांगा, बायकू आजारी हाय म्हणून."

"मशीन ऐकतं व्हय?"

"तुमी तरी कवा ऐकता."

पाचव्या दिवशी तिचा भाऊ आला. तिच्याहून धाकटा. दर साल गंगाखेडकडं ऊसतोडीला जाणारा, टोळी उठायला अजून पंधरवडा होता. बहिणीचं तोंड बघून बाहेर आला अन् मला म्हणाला, "दाजी, मी नेऊ का अक्काला? सकाळच्या गाडीनं जातो."

"माजी बायकू मी नेईन."

"कवा? तुमचं कॉम्प्युटर पिकल्यावर?"

मी चिडलो. म्हणालो, "तुला औरंगाबादचा दवाखाना कुठं हाय ते तरी म्हायती हाय का? तिथं फारम भराया लागत्यात. तू आंगठेबहाद्दर."

तो चहासुद्धा न घेता गेला. खरं सांगायचं तर मला पण दवाखाना कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण तिला दुसऱ्यानं नेलं असं गावात झालं असतं, ते मला नको होतं. कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस अन् बायकोला मेहुण्यानं नेलं.

बायको आतून ऐकत होती. त्या रात्री तिनं ताट माझ्यासमोर सारलं आणि आत जाऊन पडली.

सहाव्या दिवशी बाईनं पुण्याला कंपनीला ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला. तिकडचा माणूस म्हणाला, माल बरोबर पाठवलाय, तुमचीच यादी चुकते. सातव्या दिवशी साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. "एवढा पगार घेता अन् एक रस्ता दाखवता येत न्हाई मशीनला?" ती खोलीत येऊन भिंतीकडं तोंड करून बसली. मी चहा ठेवला. तिनं घेतला नाही. मी बोलायला तोंड उघडलं होतं. शपथ घेऊन सांगतो, उघडलं होतं. तेवढ्यात लाईट गेली आणि ती उठून बाहेर गेली.

आठव्या दिवशी तिनं शेवटचा इलाज केला. जुना खण नव्या मशीनवरून पूर्ण काढून टाकला. टेपवर घेतला आणि मशीनवरून पुसला. आता तो मशीनला सापडणं शक्यच नव्हतं. घडवायला लावलं. तेच उत्तर.

ती पडद्याकडं बघत राहिली. मग हळूच नव्या खणातल्या फाईलीचं माप काढलं. जुन्या मशीनवर जाऊन तिथल्या फाईलीचं माप काढलं. दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले. एका आकड्याचाही फरक नव्हता.

स्टूल माझ्याकडं वळवून म्हणाली, "मामा, ही फाईल या खणात कुणी टाकली?"

मी सांगितलं. फ्लॉपी, हळद, रिकामा खण, नक्कल, सगळं. उभ्यानंच सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"माझीही चूक आहे," म्हणाली. "फ्लॉपीची दुसरी प्रत काढून मग जायला पाहिजे होतं. पण मामा, पहिल्या दिवशी बोलला असता तर मी दुसरी फ्लॉपी मागवली असती. दोन दिवसांत एसटीनं आली असती. मी आठ दिवस यादी दुरुस्त करत बसले. यादी पहिल्या दिवसापासून बरोबर होती."

"मला काडून टाकतील म्हणून गप बसलो."

"आणि रजा कशाला पाहिजे होती तुम्हाला? रोज साहेबांच्या दाराशी उभे राहत होता."

तेही सांगितलं. खाली बघून, अर्धं अर्धं सांगितलं. तिला पुरं कळलं. तिचा चेहरा मी पुढं कितीतरी दिवस विसरलो नाही. ती एवढंच म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं? मी पण बाईच आहे ना?"

साहेबांना तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. कंपनीची फ्लॉपी खराब निघाली असं काहीतरी सांगितलं असेल. तिनं बोलणी खाल्ली आणि माझं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला घेऊन फाट्यावर उभा होतो.

औरंगाबादला तीन दिवस तपासण्या चालल्या. शेवटी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. गाठ पसरली आहे, ऑपरेशन होण्यासारखं नाही, किरणांचा शेक देऊन बघू. मी विचारलं, "साहेब, आठ दिस उशीर झाला. त्येनं फरक पडला का?"

डॉक्टर वैतागले. म्हणाले, "आठ दिवसांनी काय होतंय? वर्षभर काय करत होता तुम्ही?"

लोक म्हणतात, मग झालं की, डॉक्टरानंच तुम्हाला मोकळं केलं. मला तसं वाटलं नाही. वर्षभर ती लपवत होती अन् मला दिसलं नाही, हे त्यात वाढलं, कमी काही झालं नाही.

शेक घ्यायला तिथंच राहावं लागलं. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली चूल मांडायची, नातेवाईक तिथंच राहायचे. एका दुपारी ती वाकळीवर पडली होती, मी पिठलं ढवळत होतो. मी तिला सगळं सांगितलं. हळद तिच्या बोटानं लागली होती म्हणून आधी सांगायचं नव्हतं. पण लपवून लपवून मला आता नको झालं होतं.

लायब्ररी, खण, यादी हे तिला काय कळणार? तरी तिनं नीट ऐकलं. मधेच म्हणाली, "म्हंजी माज्या बोटानं कालवा आडला."

"तुज्या न्हाई. मी लाव म्हणलं व्हतं."

मग तिनं मान वळवली.

"मी वरीसभर लपवलं. माजं माज्या आंगावरचं व्हतं, लाज वाटली, लपवलं. तुमी आठ दिस लपवलं ते बी माज्याच आंगावर गेलं. भावानं न्हेलं आसतं तर तुमची काय इज्जत जात व्हती का?"

मी पिठलं ढवळत राहिलो. ते बुडाला लागलं.

ती पुढच्या वैशाखात गेली. त्या वर्षी रब्बीची पाळी वेळेवर सुटली होती. मशीन चाललं, वरचे साहेब येऊन बघून गेले. बाईची बदली झाली. मी कायम झालो तेव्हा बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. पेढे वाटले नाहीत.

बायकोच्या दहाव्याला नदीवर मेहुणा माझ्याशेजारी बसला होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळे आपापल्या परीनं बोलत होते, तिची कशात इच्छा राहिली असेल, कुणी म्हणालं सासरी असलेल्या लेकीच्या पोरात, कुणी म्हणालं दारातल्या शेळीत. मेहुणा खालच्या आवाजात मला म्हणाला, "दाजी, त्या दिशी मला न्हेऊ दिलं आसतं तर?"

मी त्याला तिथंच सगळं सांगितलं. पाच-सात माणसं ऐकत होती. फ्लॉपी म्हणजे काय, लायब्ररी म्हणजे काय, एका नावाच्या दोन फाईली कशा, मी समजावत गेलो. त्याला त्यातलं काही समजलं नाही. तो नदीकडं बघत होता. माझं संपल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजी तुमाला ठावं व्हतं, अन् तुमी तितं बसून ऱ्हायलात?"

"व्हय."

तो उठला, धोतर झटकलं आणि लांब जाऊन बसला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही. ऊसतोडीहून परतला की पाथरीच्या बाजारात कधी गाठ पडते. रामराम घालतो. मीही घालतो. अक्काचं नाव तोही काढत नाही, मीही काढत नाही.